जिटमध्ये 'दुसरा' अहवाल उघडला की प्रोग्रॅम लटकतो: स्वतःला बदलणारा कोड, की आणखी काही?

बाइटवेडा | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

आमच्या आप्पांचा इचलकरंजीत सुताचा व्यापार होता. १९९२ साली गल्लीतल्याच एका दादाने त्यांना टर्बो पास्कलमध्ये हिशेबाचा प्रोग्रॅम लिहून दिला. रोजमेळ, खतावणी, तेरीज, येणेबाकी, सगळं त्यात. पुढची नऊ वर्षं दुकान त्याच्यावर चाललं. फ्लॉप्या मी वेळेवर उतरवून ठेवल्या होत्या, त्यामुळे एक्झी फाइल, तिच्या जोडीची ओव्हीआर फाइल आणि सगळा डेटा शाबूत आहे.

गेलं वर्षभर मी ८०८६चा (जुन्या डॉस पीसीतला इंटेलचा प्रोसेसर) एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची सॉफ्टवेअरमधली नक्कल, स्वतः लिहितोय. आधी साधा इंटरप्रिटर केला, जो एकेक सूचना वाचून लगेच पार पाडतो, मग जिट. म्हणजे ८०८६च्या सूचनांचा एक ठोकळा उचलायचा, त्याचं एआरएम६४मध्ये (माझ्या मशीनच्या प्रोसेसरची भाषा) भाषांतर करून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच भाषांतर थेट चालवायचं. मशीन एम१ मॅक आहे.

स्वतःला बदलणाऱ्या कोडसाठी अशी व्यवस्था केली आहे: पाहुण्या मशीनची (म्हणजे नक्कल केलेल्या ८०८६ची; माझा मॅक तो यजमान) १ एमबी मेमरी एका सलग तुकड्यात आहे. मेमरीच्या ज्या पानावरच्या (ठरावीक आकाराच्या तुकड्यावरच्या) सूचनांचं भाषांतर झालं, ते पान एमप्रोटेक्ट या सिस्टम कॉलने 'फक्त वाचा' करून टाकायचं. त्यावर कुणी लिहायला गेलं की सिग्नल येतो. तो सिग्नल झेलणारा हँडलर त्या पानावरची सगळी भाषांतरं फेकतो, पान लिहिण्यासाठी मोकळं करतो आणि परत जातो.

बहुतेक गोष्टी छान चालतात. आप्पांचा प्रोग्रॅम मात्र नाही.

रोजमेळ उघडला, दिसतो. मग तेरीज उघडली की चौकट रंगते आणि तिथेच लटकतो, कधी पडद्यावर नुसता कचरा येतो. उलट केलं, आधी तेरीज आणि मग रोजमेळ, तर तेरीज ठीक आणि रोजमेळ लटकतो. थोडक्यात, पहिला कुठलाही चालतो, दुसरा कुठलाही नाही. इंटरप्रिटरवर दोन्ही बिनतक्रार चालतात. तीन रात्री गेल्या. कुठे बघू?

---

कोकणी_कर्नल | मंगळवार, रात्री ११:०५

मॅक आणि एआरएम म्हटल्यावर पहिल्यांदा तीन गोष्टी तपासा.

एआरएमवर डेटा कॅश आणि सूचनांची कॅश आपोआप जुळत नाहीत. इंटेलवर नवा कोड लिहून त्यावर उडी मारली तर प्रोसेसर सांभाळून घेतो, इथे तुम्हालाच सांगावं लागतं. भाषांतर लिहून झाल्यावर sys_icache_invalidate ला हाक मारताय का? (देवनागरीत सिस-आयकॅश-इनव्हॅलिडेट.) नसाल मारत तर जुन्याच सूचना चालतील, आणि त्याही कधी चालतील, कधी नाही.

दुसरं, जिटचा बफर मॅप-जिट खुणेने घेतलाय ना? लिहिताना आणि चालवताना पीथ्रेडचं ते लेखन-संरक्षण उघडझाप करताय ना? ते प्रत्येक थ्रेडचं वेगळं असतं, हे लोक विसरतात.

तिसरं, मॅकवर संरक्षित पानावर लिहिलं की सिगसेग्व्ह नाही, सिगबस येतो. लिनक्सची उदाहरणं बघून हँडलर लावला असेल तर तो कधी बोलावलाच जाणार नाही.

---

बाइटवेडा | मंगळवार, रात्री ११:१८

तिन्ही केलं आहे. सिगबसनेच पहिल्या महिन्यात रडवलं होतं, आता दोन्ही सिग्नलना तोच हँडलर आहे. तो चालतो हेही नक्की, कारण त्यात मोजणी ठेवली आहे आणि आकडा वाढताना दिसतो.

---

निळापडदा | मंगळवार, रात्री ११:३१

डॉसबॉक्समध्ये (डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवणारा तयार एम्युलेटर) चालतो का हा प्रोग्रॅम?

---

बाइटवेडा | मंगळवार, रात्री ११:३४

हो, अगदी व्यवस्थित. आप्पांना तिथे दाखवताही येईल. पण मला माझ्या एम्युलेटरमध्ये का नाही ते कळायला हवं.

---

निळापडदा | मंगळवार, रात्री ११:४०

मग एक प्रामाणिक मत. ८०८६साठी जिट कशाला? मूळचं यंत्र ५ ते १० मेगाहर्ट्झचं. एम१वर साधा इंटरप्रिटरसुद्धा त्याला कितीतरी मागे टाकतो. इंटरप्रिटर प्रत्येक सूचना दर वेळी मेमरीतून नव्याने वाचतो, त्यामुळे हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. आप्पांची तेरीज हवी असेल तर जिट बंद करा आणि झोपा.

---

झेड८० | बुधवार, सकाळी ६:१०

निळापडदा, तुमचा हिशेब बरोबर आहे, सल्ला मला पटला नाही. पोर वर्षभर रात्री जागून शिकतंय. त्याला गती नको आहे, उमज हवी आहे. लिही रे बाइटवेड्या, थांबू नकोस.

थोडं अवांतर. स्वतःला बदलणारा कोड म्हणजे काहीतरी चोरटेपणा, असं नव्या मुलांना वाटतं. एके काळी तीच रीत होती. १९४९च्या एडसॅक संगणकावर इंडेक्स रजिस्टर, म्हणजे सूचनेतल्या पत्त्यात मिळवायचा आकडा ठेवण्याची जागा, नव्हतं. ओळीने शंभर आकडे बेरजेला घ्यायचे तर बेरजेच्या सूचनेतला पत्ताच दर फेरीला एकाने वाढवायचा. सबरुटीनमधून परत कुठे जायचं, तेसुद्धा सबरुटीनच्या शेवटच्या उडीत पत्ता लिहून ठरवायचं. डेव्हिड व्हीलरने काढलेली युक्ती ती, व्हीलर जंप म्हणतात.

आणि कॉमोडोर ६४ हा घरगुती संगणक ज्यांनी वापरला त्यांनी नकळत रोज हेच केलंय. त्याच्या बेसिकमध्ये पुढचं अक्षर आणणारं एक चिमुकलं रुटीन आहे, चारगेट. मशीन सुरू होताना ते रॉममधून उचलून झीरो पेजवर (मेमरीच्या अगदी सुरुवातीला), हेक्साडेसिमल ७३ या पत्त्यावर ठेवलं जातं. का? कारण त्यातल्या एका सूचनेचे दोन बाइट, ७ए आणि ७बी, हाच बेसिकचा 'मी प्रोग्रॅममध्ये कुठे आहे' दाखवणारा पॉइंटर आहे. रुटीन दर अक्षराला स्वतःच्याच सूचनेतला पत्ता वाढवतं. रॉममध्ये राहून हे जमलं नसतं. २४ बाइटांचं रुटीन, पण पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी रात्रभर त्याच्याकडे बघत बसलो होतो.

---

निळापडदा | बुधवार, सकाळी ८:५५

झेड८० काका, मान्य. मी झोपेचा सल्ला मागे घेतो. धागा वाचतोय.

---

सावली | बुधवार, सकाळी ९:२०

बाइटवेडा, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तराचा अर्धा भाग आहे असं मला वाटतं. ओव्हीआर फाइल म्हणालात ना? म्हणजे प्रोग्रॅम ओव्हरले वापरतो. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला असे ओव्हरले लिहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

६४० केबीत सगळा प्रोग्रॅम मावत नसे. मग रोजमेळाचं युनिट, तेरजेचं युनिट असे भाग ओव्हीआर फाइलमध्ये ठेवायचे आणि लागतील तेव्हा मेमरीतल्या एकाच बफरमध्ये आणायचे. बफरचा आकार, मुद्दाम वाढवला नाही तर, सगळ्यात मोठ्या ओव्हरलेइतका. म्हणजे तेरीज आली की रोजमेळ जाणार. मंगल कार्यालयासारखं आहे: सकाळी एक लग्न, संध्याकाळी दुसरं, हॉल तोच.

आता गंमत बघा. मुख्य प्रोग्रॅम ओव्हरलेमधल्या प्रोसिजरला थेट हाक मारत नाही. प्रत्येक प्रोसिजरसाठी कायम मेमरीत पाच बाइटांची एक पायरी असते. ओव्हरले मेमरीत नसेल तेव्हा त्या पायरीत सीडी ३एफ हे बाइट असतात, म्हणजे इंटरप्ट ३एफ. तो ओव्हरले मॅनेजरला उठवतो. मॅनेजर फाइलमधून कोड आणतो आणि मग त्याच पाच बाइटांवर ईए लिहितो, ईए म्हणजे लांबची उडी, थेट प्रोसिजरवर. ओव्हरले हाकलला की परत सीडी ३एफ. हा अस्सल स्वतःला बदलणारा कोड झाला, आणि अगदी सभ्य, कंपायलरने दिलेला.

तुमच्या जिटने सीडी ३एफच्या पायरीचं भाषांतर करून ठेवलं आणि पुढे ईए झालेलं त्याला कळलंच नाही, असं होतंय का?

---

बाइटवेडा | बुधवार, रात्री ९:५०

सावली ताई, पायऱ्यांचं मला काहीच माहीत नव्हतं! घरी आल्याआल्या मेमरीचा डंप काढला. अगदी तुम्ही म्हणालात तसं. रोजमेळ उघडण्याआधी:

सीडी ३एफ ...

आणि उघडल्यावर त्याच जागी:

ईए ...

पण दुःखाची गोष्ट ही की हे माझा एम्युलेटर बरोबर पकडतो. पायरीवर लिहिलं जातं, सिगबस येतो, भाषांतर फेकलं जातं, नवी उडी भाषांतरित होते. लॉगमध्ये ओळीने दिसतंय. म्हणजे पायरी निर्दोष.

---

कोकणी_कर्नल | बुधवार, रात्री १०:१५

मग प्रीफेच रांगेचा विचार करा. ८०८६ पुढच्या ६ बाइट सूचना आधीच आत ओढून ठेवतो, ८०८८ फक्त ४. पुढच्याच सूचनेवर लिहिलं तर खऱ्या चिपवर जुनी सूचना चालते, कारण ती आधीच रांगेत बसलेली असते. कॉपी-संरक्षणवाले याचाच फायदा घेत. पुढची सूचना बदलायची. खरं मशीन असेल तर जुनी चालेल. डीबगरने एकेक पाऊल टाकत कुणी बघत असेल तर रांग मध्येच रिकामी होते आणि नवी चालते, लगेच कळतं की कुणीतरी डोकावतंय. तुमचा एम्युलेटर लगेच नवी सूचना दाखवत असेल तर अशा प्रोग्रॅमची दिशाभूल होईल.

---

झेड८० | बुधवार, रात्री १०:४०

कर्नल, माहिती सोळा आणे, पण इथे लागू नाही. लांबची उडी मारली की रांग रिकामी होते. शिवाय पायरी बदलणं आणि ती चालणं यांच्यामध्ये फाइल वाचली जाते, हजारो सूचना होतात. सहा बाइटांच्या रांगेत तोवर काय उरणार? आणि त्याच्या इंटरप्रिटरमध्ये तरी रांग कुठे आहे? तिथे प्रोग्रॅम चालतोच आहे.

---

कोकणी_कर्नल | बुधवार, रात्री १०:४४

इंटरप्रिटरचा मुद्दा बिनतोड. मागे घेतो.

---

अमृततुल्य | गुरुवार, सकाळी ७:३०

माझ्या लिनक्सवर केव्हीएममध्ये फ्रीडॉस आहे, असलं काही कधी झालं नाही. हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन का वापरत नाही?

---

कोकणी_कर्नल | गुरुवार, सकाळी ७:५२

अमृततुल्य, तुमचा पाहुणाही इंटेल आणि यजमानही इंटेल. तिथे भाषांतर होतच नाही, पाहुण्याच्या सूचना खरा प्रोसेसर स्वतः चालवतो आणि बदललेल्या सूचनांचं भान तोच ठेवतो. एम१ला ८०८६ची भाषाच येत नाही. त्याला दुभाष्या लागणार, आणि दुभाष्या आला की जुनी भाषांतरं शिळी होण्याची भीती आली.

---

टीपकागद | गुरुवार, दुपारी १:०५

अंदाज बरेच झाले, एक चाचणी करा.

प्रत्येक ठोकळ्याचं भाषांतर करताना त्याच्या मूळ बाइटांचा सीआरसी (बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून बरोबर ठेवा. मग ठोकळा चालवण्याआधी दर वेळी मेमरीतले बाइट पुन्हा मोजून जुळवा. जुळले नाहीत तर शिळं भाषांतर सापडलं, पत्त्यासकट. हळू चालेल, चालू द्या.

ही कल्पना माझी नाही. ट्रान्समेटा कंपनीचा क्रूसो प्रोसेसर (२०००) आतून अगदी वेगळा होता आणि इंटेलचा सगळा कोड सॉफ्टवेअरने भाषांतरित करून चालवायचा. त्यांना हीच डोकेदुखी विंडोजसकट सगळीकडे आली. २००३च्या त्यांच्या निबंधात असे स्वतःची तपासणी करणारे ठोकळे आहेत. शिवाय एक फार देखणी युक्ती आहे. काही प्रोग्रॅम सूचनेचा फक्त आकडा बदलतात, सूचना तीच राहते. तिथे आकडा भाषांतरात कोरायचाच नाही, दर वेळी मूळ सूचनेच्या बाइटांतून वाचायचा. मग कितीही वेळा बदलो, भाषांतर फेकावं लागत नाही. काकांच्या चारगेटला हे अगदी फिट बसेल.

---

बाइटवेडा | गुरुवार, रात्री ११:२०

सीआरसी लावला. आधी रोजमेळ, मग तेरीज. लटकला. तोवर चाळीस लाखांवर ठोकळे तपासले गेले, आणि एकही, *एकही* न जुळलेला नाही.

म्हणजे भाषांतर शिळं नाहीच. मग जिटवर लटकतो आणि इंटरप्रिटरवर नाही, हे कसं? डोकं चालेनासं झालंय.

---

टीपकागद | शुक्रवार, सकाळी ८:१५

उलट फार मोठी गोष्ट कळली. भाषांतर मेमरीशी इमानदार आहे आणि तरी चुकीचं चाललं, याचा अर्थ *मेमरीच* चुकीची आहे. तिथे जे असायला हवं होतं ते आलेलंच नाही. आता 'कुणी लिहिलं आणि जिटला कळलं नाही' हे शोधू नका. 'कुणी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही' हे शोधा.

---

सावली | शुक्रवार, सकाळी ९:०२

टीपकागद यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक सोपा प्रयोग सुचतोय. तुमच्या एम्युलेटरला ईएमएस मेमरी (६४० केबीबाहेरची जादा मेमरी) आहे का? असेल तर चालू करून बघा. लिहिणाऱ्याने ओव्हरले ईएमएसमध्ये ठेवायची सोय केली असेल, बरेच जण करत, तर सगळी ओव्हीआर फाइल सुरुवातीलाच ईएमएसमध्ये जाते. नंतर दर वेळी डिस्कवर न जाता तिथून बफरमध्ये नक्कल होते. नक्कल करतो प्रोसेसर, फाइल वाचणं मधून निघून जातं.

---

बाइटवेडा | शुक्रवार, रात्री ८:३५

चाललं!!!

ईएमएस चालू, जिट चालू: रोजमेळ, तेरीज, खतावणी, कुठल्याही क्रमाने. ईएमएस बंद केलं की पुन्हा तेच. आनंद झालाय, पण का ते अजून कळत नाही.

---

हडसनकाठ | शुक्रवार, रात्री ११:५८

न्यू जर्सीहून नमस्कार. दोन दिवस नुसता वाचत होतो, आता राहवेना. बाइटवेडा, एकच प्रश्न: डॉसचं फाइल वाचण्याचं काम (इंटरप्ट २१, एएच रजिस्टरमध्ये ३एफ) तुम्ही कसं करता? त्या फंक्शनच्या चार ओळी इथे टाकाल का?

(सावली ताईंचा इंटरप्ट ३एफ वेगळा आणि हे २१मधलं फंक्शन ३एफ वेगळं. आकडा सारखा आहे, वाचणाऱ्यांनी गोंधळू नये.)

---

बाइटवेडा | शनिवार, रात्री १२:१०

डॉस खरं नाहीच, मीच सी भाषेत पुरवतो. पाहुण्याचा पत्ता काढायचा, यजमानाची फाइल उघडलेलीच असते, आणि सरळ रीड: फाइल, पाहुण्याच्या मेमरीतली जागा, सीएक्समध्ये मागितलेले बाइट. मग एएक्समध्ये सीएक्सची किंमत ठेवायची, कॅरी फ्लॅग (चूक झाली की एक होणारी खूण) शून्य करायचा, परत.

---

हडसनकाठ | शनिवार, रात्री १२:२६

सापडलं.

तुम्ही पान 'फक्त वाचा' केलंत आणि गृहीत धरलंत की त्यावर जो कोणी लिहायला जाईल त्याला सिग्नल मिळेल. *तुमच्या प्रोग्रॅममधली* एखादी सूचना लिहायला गेली तर मिळतो. पण रीडमध्ये लिहिणारी असते कर्नल, म्हणजे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. कर्नलला ते पान बंद दिसलं की ती सिग्नल पाठवत नाही. ती रीडमधून उणे एक परत करते आणि एररनोमध्ये, म्हणजे झालेल्या चुकीच्या क्रमांकाच्या जागी, ईफॉल्ट, म्हणजे १४ ठेवते. पोस्टमन आला, दाराला कुलूप दिसलं, बेल न वाजवता पत्र घेऊन परत गेला.

आता ओळीने बघा. रोजमेळ पहिल्यांदा बफरमध्ये येतो तेव्हा तिथे कुठलंच भाषांतर नाही, पान मोकळं, रीड यशस्वी. रोजमेळ चालला, त्याची भाषांतरं झाली, बफरची पानं बंद झाली. आता तेरीज आणायची. रीड ईफॉल्ट देते. तुम्ही परत आलेली किंमत बघत नाही आणि प्रोग्रॅमला सांगता, 'मागितले तेवढे बाइट वाचले'. तो बिचारा विश्वास ठेवून तेरजेच्या पत्त्यावर उडी मारतो, तिथे रोजमेळाचा कोड.

सीआरसी जुळणारच, मेमरी बदललेलीच नव्हती. ईएमएसने चालणारच, तिथे नक्कल पाहुण्याच्या सूचना करतात आणि सिग्नल येतो. इंटरप्रिटरवर चालणारच, तिथे पान कधी बंदच होत नाही.

---

बाइटवेडा | शनिवार, रात्री १२:४१

परत आलेली किंमत छापली.

-१

एररनो १४.

हडसनकाठ दादा, काय बोलू. पाच रात्री मी जिटमध्ये शोधत होतो.

---

सावली | शनिवार, सकाळी ८:३०

वा! आणि माझं एक कोडं सुटलं, कधी लटकणं आणि कधी कचरा हा फरक का ते. कोड आणल्यावर मॅनेजर त्यात सेगमेंटचे पत्ते दुरुस्त करतो. इथे तेरजेच्या दुरुस्त्या रोजमेळाच्या कोडवर पडल्या असणार.

अजून एक. तुम्ही कॅरी फ्लॅग खरा ठेवला असता तर प्रोग्रॅमने पहिल्याच रात्री स्वतः सांगितलं असतं. टर्बो पास्कलमध्ये रनटाइम एरर २०९ म्हणजे ओव्हरले फाइल वाचता आली नाही. यजमानाची चूक पाहुण्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचू द्यावी, हे मी नोकरीत शिकले आणि फार उपयोगी पडलं.

---

कोकणी_कर्नल | शनिवार, सकाळी ९:१०

दुरुस्ती सोपी आहे. आधी स्वतःच्या बफरमध्ये रीड करा, मग मेमकॉपीने पाहुण्याच्या मेमरीत टाका. मेमकॉपी तुमच्या प्रोग्रॅमची, सिगबस येईल, हँडलर बाकीचं करेल. दोन ओळी.

---

हडसनकाठ | शनिवार, सायंकाळी ६:२०

चालेल, पण मी तसं करणार नाही. आज फाइल वाचणं दुरुस्त होईल, उद्या एखादी वेगळी सिस्टम कॉल हेच करेल. पाहुण्याच्या मेमरीत एम्युलेटरकडून जे जे लिहिलं जातं ते एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. ते आधी त्या भागाची भाषांतरं फेकेल, पान उघडेल, मग लिहील.

क्यूईएमयू (नावाजलेला एम्युलेटर) हेच करतं. त्याच्या युजर-मोडमध्ये (जिथे एकच प्रोग्रॅम चालवतात) तुमच्यासारखंच एमप्रोटेक्ट आहे, आणि सिस्टम कॉलला पाहुण्याचा बफर देण्याआधी तपासणी होते: पान भाषांतरामुळे बंद असेल तर आधी उघडा. पूर्ण मशीन चालवण्याच्या मोडमध्ये तर एमप्रोटेक्टवर विसंबतच नाहीत. मेमरीच्या सॉफ्टवेअर टीएलबीतच (पत्त्यांच्या नोंदींचा तक्ता) 'या पानावर कोड आहे, लिहिताना हळू वाटेने या' अशी खूण असते, आणि डिस्क किंवा नेटवर्क कार्ड डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत) लिहितात तेव्हाही भाषांतरं रद्द करूनच लिहिलं जातं. खऱ्या यंत्रातही प्रोसेसर एकटा मेमरीत लिहीत नाही, हे लक्षात ठेवून केलेली रचना आहे ती.

---

कोकणी_कर्नल | शनिवार, सायंकाळी ६:४५

पटतं. तरी हँडलर ठेवावाच, पाहुण्याच्या स्वतःच्या लिहिण्यासाठी तो लागणारच.

---

झेड८० | शनिवार, रात्री ७:३०

क्यूईएमयूचं नाव निघालं म्हणून. त्याचा मूळ कर्ता फॅब्रिस बेलार्ड. त्यानेच १९८९मध्ये डॉससाठी एलझेडएक्झी लिहिलं होतं. एक्झी फाइल आवळून लहान करायचं आणि चालवताना ती मेमरीत स्वतःच उलगडायची. चालता चालता मेमरीत कोड लिहून त्यावर उडी मारणारा प्रोग्रॅम! त्या काळी निम्म्या फ्लॉप्यांवर अशा आवळलेल्या फायली असत. ज्याने असा कोड पसरवला त्यानेच पुढे असा कोड सांभाळणारा एम्युलेटर लिहिला, हे मला फार आवडतं.

---

कॉमवाला | रविवार, सकाळी १०:१५

मस्त धागा, वाचनखूण साठवली. माझाही प्रश्न याच जातीचा. माझ्या एम्युलेटरवर कॉम फायली (डॉसचे छोटे प्रोग्रॅम) *बरोबर* चालतात पण जिट चालू केलं की इंटरप्रिटरपेक्षा हळू! पद्धत तीच, एमप्रोटेक्ट.

---

टीपकागद | रविवार, सकाळी ११:४०

कॉम फाइलमध्ये कोड, डेटा, स्टॅक सगळं एकाच ६४ केबीत, बहुतेकदा शेजारी शेजारी. काउंटर वाढवला की त्याच पानावरच्या कोडची भाषांतरं फेकली, पुन्हा भाषांतर, पुन्हा पान बंद, पुन्हा काउंटर. कोड बदलतच नाही, शेजाऱ्यामुळे शिक्षा होते. सिग्नलची प्रत्येक फेरी महाग. तुम्हीही मॅकवर असाल तर पान १६ केबीचं, म्हणजे ६४ केबीचा अख्खा सेगमेंट चार-पाच पानांत.

१ एमबीसाठी एमप्रोटेक्ट सोडा. दर बाइटला एक बिट ठेवा, 'इथे भाषांतरित कोड आहे का'. सगळा नकाशा १२८ केबीत मावतो. लिहिताना बिट बघा, शून्य असेल तर पुढे.

डॉसबॉक्सच्या डायनॅमिक कोअरमध्ये (त्याच्या जिटमध्ये) याच्या जोडीला छान सोय आहे. कोणत्या पत्त्यावर किती वेळा कोड बदलला ते मोजतात. चार वेळा बदललेल्या जागी पुन्हा भाषांतर करायला जात नाहीत, ती सूचना साध्या इंटरप्रिटरकडे देतात. एरवी एका ठोकळ्यात ३२पर्यंत सूचना घेतात.

---

कॉमवाला | रविवार, दुपारी ३:०५

मॅकच आहे. बिट-नकाशा लावतो. पण ठोकळा *स्वतःच्याच* पुढच्या सूचनेवर लिहीत असेल तर? भाषांतर फेकलं तरी मी अजून त्याच्याच आत चालतोय.

---

हडसनकाठ | रविवार, रात्री ९:४५

चालू ठोकळ्यावरच घाव पडला तर तिथेच बाहेर पडावं लागतं. लिहिणाऱ्या सूचनेपर्यंतची रजिस्टरं बरोबर ठेवायची, ती एक सूचना एकटीच्या ठोकळ्यात चालवायची, आणि पुढून नवं भाषांतर सुरू. क्यूईएमयू इंटेल पाहुण्यांसाठी नेमकं हेच करतं. तिथे मात्र कर्नल यांची सहा बाइटांची रांग आठवा. अस्सल ८०८६ हवा असेल तर जुनी सूचना चालवणं हेच बरोबर ठरेल. पेंटियमपासून पुढे प्रोसेसर स्वतः ओळखून नवी चालवतो.

---

कोकणी_कर्नल | रविवार, रात्री ९:५०

रांगेला अखेर जागा मिळाली. :)

---

बाइटवेडा | पुढच्या शनिवारी, रात्री ८:१५

उशिरा कळवतोय, आठवडाभर तेच करत होतो.

एकच फंक्शन केलं, हडसनकाठ दादांच्या सांगण्याप्रमाणे. मग पाहुण्याच्या मेमरीत मी थेट कुठे कुठे लिहितो ते शोधलं तर अजून चार जागा निघाल्या. फाइल शोधल्यावर डॉस जी माहितीची पट्टी भरतो ती, कीबोर्डचा बफर, फ्लॉपीचे सेक्टर, आणि ४०:६सी या पत्त्यावरचा घड्याळाचा काउंटर. हा शेवटचा सेकंदाला १८.२ वेळा वाढतो. त्याच १६ केबीच्या पानावर काही कोड भाषांतरित झालेला होता, म्हणजे सेकंदाला अठरा वेळा ती भाषांतरं फेकली जात होती, आणि मला पत्ताच नव्हता. फ्लॉपीचे सेक्टरही मी रीडनेच वाचत होतो, तिथेही हाच ईफॉल्ट लपला होता. परत आलेली किंमत आता सगळीकडे तपासतो, चूक असेल तर कॅरी फ्लॅग एक करतो आणि एएक्समध्ये त्या चुकीचा एरर क्रमांक ठेवतो.

काल आप्पांना बसवलं. रोजमेळ, मग तेरीज. त्यांनी चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन १९९६ची नावं वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं, "याचे अजून यायचेत." मग येणेबाकीचा अहवाल मागितला. तोही उघडला.

---

झेड८० | शनिवार, रात्री ८:४०

शाब्बास रे. आप्पांना माझा नमस्कार सांग. तो प्रोग्रॅम लिहिणारा दादा कुठे असतो आता? त्यालाही दाखव.

---

बाइटवेडा | शनिवार, रात्री ८:५२

काका, त्याचा नंबर आप्पांच्या जुन्या डायरीत सापडला, सहा आकडी. आधी दुकानाजवळच्या लोकांकडे विचारतो.